माणदेशातला बिनभिंतींचा तुरुंग आणि शांतारामबापूंची जोखीम

१९५८ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते हॉलिवूडचे नामवंत दिग्दर्शक फ्रँक काप्रा. सर्वोच्च मानाचे सुवर्ण अस्वल स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ने पटकावले. परीक्षकांचे विशेष रौप्य अस्वल मात्र एका हिंदी चित्रपटाला मिळाले. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक एकच होते, कोल्हापूरचे व्ही. शांताराम. चित्रपट होता ‘दो आँखें बारह हाथ’. सहा खुनी कैदी, त्यांना माळरानावर घेऊन जाणारा एक जेलर आणि त्यांच्या बारा हातांनी पिकवलेले शेत, एवढीच त्याची गोष्ट.

ती गोष्ट कल्पनेतून आलेली नव्हती. तिचे मूळ होते सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या वसाहतीत आणि त्या वसाहतीला जन्म देणाऱ्या औंध संस्थानात. सातारा जिल्ह्यातले एक छोटे संस्थान, पोलंडहून आलेला एक इंजिनिअर, माणदेशात वाढलेला एक कवी आणि स्वतःच्या हिमतीवर स्टुडिओ चालवणारा एक चित्रपटकार या चार धाग्यांनी ही हकीकत विणलेली आहे. ती नीट समजून घेतली, तर एखादा धाडसी चित्रपट कशाकशामुळे शक्य होतो तेही कळते.

विखुरलेले संस्थान, विचारी राजा

औंध हे सलग मुलखाचे संस्थान नव्हते. ७२ गावे, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, आणि मधे मधे ब्रिटिश अमलातला सातारा जिल्हा किंवा दुसऱ्याच संस्थानिकाची हद्द. औंध, किन्हई, कुंडल, आटपाडी असे त्याचे तुकडे पडलेले. त्यातला आटपाडीचा भाग सर्वांत कोरडा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर पोहोचेपर्यंत संपलेला असतो. माण नदी वर्षातला बराच काळ वाळूची असते. ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि खिल्लार जनावरे हाच इथल्या माणसांचा आधार.

या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पण त्यांची दृष्टी व्यायामापुरती नव्हती. ते स्वतः चित्रे काढत आणि कीर्तन करत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली, तिला त्यांचे पाठबळ होते. औंधच्या टेकडीवरचे त्यांचे संग्रहालय आजही पाहायला मिळते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांनीच दिला. त्यातूनच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लक्ष्मणरावांनी आपल्या वसाहतीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली होती. त्या काळाच्या संदर्भात हे पाऊल मोठे होते. १८७१च्या कायद्याने ब्रिटिशांनी काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. सातारा भागातल्या रामोशी आणि मांग समाजांतल्या माणसांना पोलिसांच्या हजेरीचा जाच होता. शेजारी सोलापुरात अशा जमातींची वसाहत तारेच्या कुंपणात होती. ज्याला सरकार चोर म्हणते त्याच्या हाती कारखान्याची राखण देणारा उद्योजक आणि त्याला जमीन देणारा राजा एकाच संस्थानात होते. स्वतंत्रपूरचा प्रयोग अशा भूमीत रुजला.

राजा सत्ता सोडतो

१९३७च्या सुमारास राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरी संपवून परतले. म्हैसूर संस्थानात त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या इंजिनिअरशी पडली. फ्रीडमन वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू. बंगळूरचा सरकारी विद्युत कारखाना ते चालवत होते. अरुणाचलच्या रमण महर्षींची आणि गांधीजींची त्यांना ओढ होती. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे घेतली आणि ‘भारतानंद’ हे नाव धारण केले. चरख्यात सुधारणा करण्याचे काम त्यांनी गांधीजींसाठी केले. पुढे १९७३ मध्ये मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे ‘आय ॲम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक जगभर गेले, त्याचे अनुवादकही तेच.

फ्रीडमन औंधला आले आणि राजेसाहेबांपुढे त्यांनी सरळ प्रस्ताव ठेवला: राज्य प्रजेच्या हाती सोपवा. वयाची सत्तरी गाठलेले भवानराव तयार झाले. आप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले. गांधीजींनी या कामात मनापासून लक्ष घातले आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली. गावोगाव पंचायती, त्यांच्यावर तालुका समित्या, त्यांच्यावर विधिमंडळ अशी तिची रचना होती. गावच्या कारभाराचा आणि न्यायनिवाड्याचा मोठा भाग पंचायतीकडे आला. संस्थानिकांच्या हालचालींवर ब्रिटिशांच्या राजकीय खात्याची करडी नजर असतानाच्या काळात एका राजाने आपणहून अधिकार सोडले. आप्पासाहेबांनी पुढे १९८९ मध्ये या काळावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याला ‘ॲन अनयुजुअल राजा’ हे नाव दिले.

राज्य प्रजेचे झाले, तर तुरुंगाचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. प्रजेवर भरवसा ठेवणारी घटना कैद्याला त्या भरवशातून वगळणार का? फ्रीडमनना ते मान्य नव्हते. त्यांच्या आग्रहाने १९३९ मध्येच आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिचे नावच स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यात लांब मुदतीची शिक्षा झालेली माणसेही तिथे आणली गेली. बेड्या काढल्या गेल्या. भोवती भिंत नाही, हत्यारी पहारा नाही. माळाची जमीन कसायची, राहायला घर बांधायचे आणि बायकामुलांना सोबत आणायचे, ही तिथली रीत.

खुल्या तुरुंगाचा विचार जगात अगदीच नवा नव्हता. इंग्लंडमध्ये वेकफील्डच्या तुरुंगाला जोडून १९३६ मध्ये न्यू हॉल कॅम्प सुरू झाला होता. पण तिथे त्यामागे एका साम्राज्याचे तुरुंग खाते उभे होते. औंधजवळ पैसा बेताचा, मुलूख दुष्काळी आणि वर नजर ठेवणारे परके सरकार. एखादा कैदी पळून गेला असता आणि त्याच्या हातून पुन्हा खून झाला असता, तर स्वराज्याचा अवघा प्रयोगच बदनाम झाला असता. ही जोखीम ओळखूनही राजाने होकार दिला, हे विसरता येत नाही.

पुढची वर्षे धामधुमीची होती. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात ब्रिटिश सत्तेला आव्हान दिले. कुंडल हे त्या लढ्याचे मोठे केंद्र, आणि भूमिगतांना औंधच्या गावांत आसरा मिळत होता. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि औंधचे राज्य संपले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६०मध्ये त्याचे नाव सांगली पडले. स्वराज्याची घटना इतिहासात जमा झाली. स्वतंत्रपूर मात्र टिकले.

माणदेशाचा कवी

या संस्थानातल्या शेटफळे गावी १ ऑक्टोबर १९१९ रोजी गजानन दिगंबर माडगूळकर अर्थात गदिमा यांचा जन्म झाला. घराणे जवळच्याच माडगुळ्याचे. वडील औंध संस्थानच्या नोकरीत. गरिबी कायमची. औंधच्या शाळेत शिकताना राजेसाहेबांचा कलेचा ध्यास त्यांनी जवळून पाहिला. गणिताने मॅट्रिकची वाट अडवली, तेव्हा पोटासाठी ते कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत शिरले. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) मध्ये त्यांनी लहानशी भूमिका केली. गाणी, कथा आणि संवाद लिहीत ते मराठी पडद्याचे सर्वांत विश्वासाचे लेखक बनले.

स्वतंत्रपूर वसले तेव्हा गदिमा कोल्हापुरात होते, पण मुलूख त्यांचाच होता. तिथला माळ, तिथली माणसे, त्यांची बोली आणि राजाबद्दलची तिथली आपुलकी त्यांच्या अंगात मुरलेली होती. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीही औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीची कथा आहे आणि तिच्यात राजेसाहेब वस्तीवर येतात. म्हणजे संस्थान विलीन झाल्यानंतरच्या दशकात एका भावाने औंधचा मुलूख कादंबरीत जपला आणि दुसऱ्याने औंधचा तुरुंग पडद्यावर नेला. दुष्काळी माणदेशाने मराठीला दिलेली ही देणगी फार मोठी आहे.

बापूंची वाट

ही कथा घेऊन गदिमा ज्यांच्याकडे पोहोचले, त्यांचा प्रवासही पाहायला हवा. दुसऱ्या कुणा निर्मात्याने ती उचलली असती, असे त्या काळची बाजारपेठ पाहता वाटत नाही.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१चा. शिक्षण जेमतेम. काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि तिथल्याच एका सिनेमाघरात त्यांनी पडेल ते काम केले. १९२०मध्ये ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तिथे झाडण्यापासून अभिनयापर्यंत सगळे करता करता ते दिग्दर्शन शिकले. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमिनीला मुकलेला तरुण शेतकरी त्यांनीच रंगवला.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट त्यांच्याच दिग्दर्शनाखाली झाला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली आणि तिथे त्यांच्या सामाजिक चित्रपटांची मालिका सुरू झाली. ‘कुंकू’ने जरठ-बाला विवाहाला जाब विचारला. ‘माणूस’ने एका पोलिस शिपायाचे आणि वेश्येचे प्रेम माणुसकीने दाखवले. ‘शेजारी’ने हिंदू-मुसलमान मैत्री उभी केली. ‘माणूस’ आला १९३९ मध्ये. त्याच वर्षी तिकडे आटपाडीला बेड्या निघत होत्या. समाजाने ओवाळून टाकलेल्या माणसाकडे पुन्हा वळून पाहण्याची ही दोन समांतर कामे होती. वीस वर्षांच्या आत ती एकत्र आली.

१९४२ मध्ये शांतारामबापू प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. आई कमल आणि वडील राजाराम यांच्या नावांवरून हे नाव दिले. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत निर्णायक टप्पा. आता स्टुडिओ त्यांचा, यंत्रे त्यांची, पगारी माणसे त्यांची आणि चित्रपट बाजारात नेण्याची व्यवस्थाही त्यांची. फायदा झाला तर त्यांचा, बुडाले तर त्यांचेच. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘अमर भूपाळी’ हे चित्रपट या स्वायत्ततेतून आले. गदिमांची गाठही याच काळात पक्की झाली. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ची कथा, संवाद आणि गीते त्यांचीच.

१९५५ मध्ये राजकमलचा ‘झनक झनक पायल बाजे’ आला. टेक्निकलरमधली नृत्ये, भव्य नेपथ्य आणि प्रचंड धंदा. त्या वाटेने आणखी दोन-तीन रंगीत चित्रपट काढले असते, तर कुणी नावे ठेवली नसती. बापूंनी पुढचा विषय निवडला तो गदिमांनी लिहिलेला, सहा खुन्यांचा, कृष्णधवल, बराचसा माळावर घडणारा. त्यात प्रेमकथेला नाममात्र जागा होती. रुबाबदार नायक हवा तिथे वयाची पन्नाशी ओलांडलेला साधा जेलर होता, आणि ती भूमिका त्यांनी स्वतःकडे घेतली. परक्या भांडवलावर अवलंबून असलेल्या निर्मात्याला असे वळण घेता आले नसते. स्वतःच्या कमाईची जोखीम घेणारा निर्माता आणि स्वतःच्या मतावर ठाम असणारा दिग्दर्शक एकाच माणसात होते, म्हणून हा चित्रपट निघाला.

आदिनाथचे शेत

चित्रपटातला तरुण मनाचा जेलर आदिनाथ वरिष्ठांच्या शंकांना न जुमानता सहा कैद्यांना घेऊन ओसाड माळावर जातो. वसाहतीचे नाव तिथे ‘आझाद नगर’ आहे, स्वतंत्रपूरचेच हिंदी रूप. तिथे पहारा नाही. आदिनाथच्या नजरेतला विश्वास हाच काय तो बांध. कैदी पळायला निघतात आणि त्या दोन डोळ्यांच्या आठवणीने मागे फिरतात. माळ हिरवा होतो, भाजी पिकते, आणि ते ती वाजवी दराने बाजारात विकतात. चढ्या भावाची सवय लागलेल्या व्यापाऱ्याला हे खपत नाही. शेतावर बैल सोडले जातात आणि ते शेत वाचवताना आदिनाथचा जीव जातो.

वसंत देसाईंचे संगीत, भरत व्यासांची गीते, जी. बाळकृष्ण यांचे छायालेखन असा संच जमला. खेळणी विकणारी चंपा संध्यांनी केली. तिच्या रूपाने त्या रुक्ष माळावर थोडे हसू आणि गाणे येते. लता मंगेशकरांनी गायलेली त्यातली प्रार्थना पुढे देशभरच्या शाळांतून म्हटली जाऊ लागली. आजही ती म्हणणाऱ्या कित्येक मुलांना ठाऊक नसते, की तिची प्रेरणा माणदेशातल्या कैद्यांच्या वसाहतीपर्यंत जाते.

बैलाशी झुंजण्याचा प्रसंग बापूंनी स्वतः केला आणि त्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना अंथरुणावर पडून राहावे लागले. दृष्टी राहील की जाईल, याची धास्ती होती. त्या अंधारात मनापुढे आलेल्या रंगांतून पुढच्या ‘नवरंग’ची (१९५९) कल्पना सुचली. तीही कथा गदिमांनीच लिहिली.

१९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ प्रदर्शित झाला. लोकांनी तो उचलून धरला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. १९५८ मध्ये बर्लिनचे रौप्य अस्वल आले, त्याच महोत्सवात कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यातला सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार.

काय उरले

या चित्रपटाने बापूंच्या कारकिर्दीला जगाची दाद मिळवून दिली. त्याहून मोठे म्हणजे एक अवघड विचार त्याने सामान्य प्रेक्षकाच्या गळी उतरवला. कैद्यांच्या सुधारणेचा प्रश्न त्या दशकात जगभर चर्चेत होता. १९५२मध्ये उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या पुढाकाराने धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी निघाली होती. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या संयुक्त राष्ट्र परिषदेने खुल्या तुरुंगांची शिफारस केली. पण परिषदांचे ठराव आणि समित्यांचे अहवाल गावच्या बाजारापर्यंत पोहोचत नाहीत. तंबूतल्या पडद्यावरचा आदिनाथ पोहोचला. खुनी माणूसही शेतात राबू शकतो, रडू शकतो, दिलेला शब्द पाळू शकतो, हे लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

चित्रपटाने मूळ प्रयोग जसाच्या तसा मांडला नाही, हेही सांगायला हवे. पडद्यावर सगळा भार एका थोर माणसाच्या नजरेवर आहे. तो गेल्यावर कैदी त्याच्या आठवणीने सरळ राहतात. स्वतंत्रपूर अशा एका नजरेवर उभे राहिले नव्हते. तिथे कैद्याला जमीन होती, घर होते, बायकोमुले होती आणि त्या सगळ्यांमागे माणसाला कारभारात भागीदार मानणारी एक राज्यघटना होती. कथेला नायक लागतो, म्हणून गदिमा आणि बापूंनी नायक दिला. कलेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण इतिहास वाचताना आपण व्यवस्थेकडेही पाहिले पाहिजे. फ्रीडमन पुढे औंधहून गेले, राजेसाहेब १९५१ मध्ये वारले, संस्थान त्याआधीच संपले होते, तरी वसाहत चालू राहिली. राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून स्वतंत्रपूर आजही आटपाडीत आहे आणि चांगल्या वर्तणुकीचे कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. तिची मांडणीच भक्कम होती, म्हणून ती टिकली.

या हकीकतीतल्या माणसांमध्ये एक साम्य आहे. राजेसाहेबांनी गादीची, फ्रीडमननी सुरक्षित नोकरीची आणि बापूंनी स्टुडिओच्या कमाईची, इतकेच काय डोळ्यांचीही किंमत मोजली. ज्याच्यावर जगाचा विश्वास नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर त्याची किंमत आधी स्वतःच्या खिशातून मोजावी लागते, हे या माणसांना कळले होते. साताऱ्या-सांगलीच्या शाळांमधून औंधची राज्यघटना आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हे एकत्र शिकवले गेले पाहिजेत. आपल्या दुष्काळी मुलखाने जगाला एक मोठा विचार दिला आणि तो जगापर्यंत नेणारी कलाकृतीही दिली, हे इथल्या मुलांना ठाऊक असायला हवे. तुरुंग, गुन्हेगार आणि शिक्षा यांवर आज आपण पुन्हा कठोर भाषेत बोलू लागलो आहोत. अशा वेळी या दोन्ही गोष्टी आपल्याच घरच्या आहेत, याचा अभिमान बाळगावा आणि त्यांच्या कसोटीवर आपले बोलणे तपासूनही पाहावे.